येतो आवाज?

तांबट आळी, पुणे
१९ मे १९८१

चि. मनोहर,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

काल डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं, "आवाज येतात का?" तू आधी माझ्या हाताकडे पाहिलंस, मग म्हणालास, "नाही." बाईंनी मला बाहेर नेलं. "स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी उतार पडेल, पण हा खरं सांगेल तर! लपवायला ह्याला शिकवलं कोणी?"

शिकवणारा मीच.

दोन वर्षांपूर्वी तू म्हणालास, दुकानातली पातेली मला शिव्या देतात. मी तुला खांबाला बांधलं आणि हातोड्याच्या दांड्याने झोडलं. "येतो आवाज?" विचारायचो आणि हाणायचो. मनगट मोडलं तेव्हा कुठे तू "नाही" म्हणालास. पोरगा बरा झाला म्हणून मी आळीत पेढे वाटले.

तुला एक सांगितलं नाही. चाळीस वर्षं तांबं ठोकून माझ्या कानात सतत शिट्टी वाजते. हातोडा खाली ठेवला तरी थांबत नाही. काल बाईंना ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मुलाचं दुखणं वेगळं आहे, पण त्यालाही खरंच ऐकू येतं. हे कळायला मला बाईंनी सांगावं लागलं? मला तर कुणी खांबाला बांधलं नाही.

हे पत्र तुला देणार नाही. समोर उभं राहून मारायला लाजलो नाही, तर तोंडानेच सांगायला हवं. रविवारी बाईंसमोर आधी मी सांगेन, मला आवाज येतो. मग तू सांग.

हात मी मांडीखाली दाबून बसेन.

तुला मारणारा,
अण्णा