हळद लागलेलं रिव्हॉल्वर

३ सप्टेंबर, मंगळ.
लायसनचे कागद भरायला कँपात, बंदूकवाल्या म्हाताऱ्याकडं. तिथं भिंतीला एक रायफल. जुनी, विलायती, कुणा संस्थानिकाच्या घरातली. लाकूड अक्रोडाचं, काकवीच्या रंगाचं. लोखंडावर हरणं कोरलेली, नखाएवढी. म्हातारा म्हणाला, "हात लावा बाई, चावत नाही." लावला. अर्धा तास तिथंच उभी. वारज्याची बस गेली, रिक्षानं आले. वय एक्कावन्न. काय हे.

४ सप्टें., बुध.
खरं लिहिते, इथं कोण बघतंय. दसऱ्याला मोठ्या जाऊबाई पाटावर तलवार आणि लांब बंदूक मांडतात. सगळी भावकी आधी तिकडं. माझ्याकडं ह्यांचं एवढंसं रिव्हॉल्वर. गेल्या साली सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सुमन, तुझं ते अडकित्त्याशेजारी ठेव, शोभंल." सगळे हसले. मीही हसले.
रायफल त्यासाठी पाहिजे. दुसरं कारण नाही. हे जाऊन तीन वर्षं झाली, लायसन आता माझ्या नावावर. जमिनीचे पैसे पोराच्या फ्लॅटात गेले. म्हणजे रि. विकायचं, तरच रायफल.

७ सप्टें., शनि.
रि. घेऊन कँपात, किंमत करायला. म्हाताऱ्यानं चष्मा लावला, बारीक ब्रश फिरवला. कागदावर पिवळी भुकटी पडली. मग लाल.
"बाई, ये क्या है?"
"हळदकुंकू. दसऱ्याचं."
"आणि हा चिकटा?"
सांगावं लागलं. पंचामृत. चौदा वर्षं दर दसऱ्याला देवाबरोबर त्यालाही आंघोळ घातली. दूध, दही, मध, साखर, तूप. मग पाणी. मग फडक्यानं पुसलं की झालं.
म्हातारा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. आतून गंजलंय म्हणाला. गोळ्यांचं चाक फिरताना मधेच अडतं. "पूजेला ठेवा. जिवाच्या भरवशाला नको." किंमत निम्मीच बोलला. आणखी म्हणाला, "साहेबांनी चालवलेलं दिसत नाही कधी."
मी म्हणाले, चालवलंय. बिल्डरचे गुंड कंपाऊंड पाडायला आले तेव्हा ह्यांनी हवेत दोन झाडल्या, पळाले सगळे. अख्ख्या वारज्याला माहीत आहे.
त्यानं रि. फडक्यात गुंडाळून परत दिलं.
घरी येऊन गोळ्यांची डबी काढली. ह्यांनी आयुष्यात एकच डबी घेतली, लायसनवर तसंच लिहिलंय. डबी भरलेली. एकही कमी नाही.
जेवले नाही.

१२ सप्टें., गुरु.
गणपतीच्या गर्दीत कुणाचं लक्ष नाही. पेपर अंथरून रि. घासलं. पितळ घासायची पावडर, मग शिवणयंत्राचं तेल. आरशासारखं झालं. चाक तेलानं फिरतंय. चार वेळा नीट, पाचव्यांदा अडतं. अंगठ्यानं ढकललं की सुटतं. ढकलावं लागतं हे मला माहीत. बाकी कुणाला...

१५ सप्टें., रवि.
भावाबरोबर त्याच्या ओळखीचे दत्तोबा आले रि. बघायला, लोणी काळभोरहून. लायसन नवंच मिळालंय. वस्ती शेतात, शेजार लांब. गेल्या महिन्यात विहिरीवरची मोटार चोरायला चोर आले, त्यांनी थोरल्या पोराचा हात मोडला.
"आक्का, दाजींचं ते हेच का? गुंड पळवल्यालं?"
तिथंच सांगायला पाहिजे होतं. मी म्हणाले, हेच. आणि सगळी गोष्ट सांगितली. दोन झाडल्या, कसे पळाले, एकाची चप्पल कशी मागं राहिली. चप्पल तर मी आज पदरची घातली, ह्यांच्या गोष्टीत चप्पल नव्हती.
त्यांनी रि. कपाळाला लावलं. भावाला म्हणाले, "दुकानातलं नको. हे चालल्यालं हाय." मागितली ती किंमत. घासाघीस नाही.
चाक त्यांनी तीनदा फिरवलं. तीनदा नीट.

१६ सप्टें., सोम.
रायफलीला इसार दिला. म्हातारा पावती करता करता म्हणाला, "घेणाऱ्याला सांगितलं ना, बाई?"
"सांगितलं."
मी लगेच म्हणाले. विचारसुद्धा केला नाही.

२० सप्टें., शुक्र.
परवानगीचा अर्ज दिला. कारकून: "रायफल कशाला? आपल्याकडं वाघ येतात का?" मी म्हणाले, जावा आहेत. तो हसला. मला मात्र आलं नाही हसू.

२६ सप्टें., गुरु.
पितरपाठ. आज ह्यांची तिथी. पानं वाढली, माणसं जेवली. जाऊबाई मोठ्यानं, "भाऊजींसारखी छाती कुणाची नाही आमच्यात. एकटा उभा राहिला." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.
ह्यांचा राग येत नाही. घाबरले असतील त्या दिवशी, घरी येऊन मोठं काहीतरी सांगितलं असेल. माणूस सांगतो. त्यांनी ती गोष्ट विकली नाही पण. मी विकतेय.
दुपारी दत्तोबा बायकोला घेऊन पाया पडायला आले. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आक्का, दीड महिना झाला, डोळ्याला डोळा न्हाई. आता तुमच्यामुळं झोपू." पेरू आणलेत टोपलीभर. टोपली तशीच ओट्यावर. मोलकरणीला दिली संध्याकाळी.

३ ऑक्टोबर, गुरु.
परवानगी आली. सोमवारी दुकानात सह्या.
रिकाम्या रि.चं चाक वीस वेळा फिरवलं. सहा वेळा अडलं. तेल वाळलंय. पुन्हा घालू? घातलं. कशाला घातलं?

७ ऑक्टो., सोम.
दुकानात दत्तोबा आधीच आलेले, नवा शर्ट. रायफल काउंटरवर काढून ठेवलेली, पुसून. तिच्याकडं बघितलं नाही. दत्तोबांना म्हणाले, "दसऱ्याला ह्याला पाणी लावू नका बरं का." ते हसले, "न्हाई वो, फूल वाहीन फकस्त." एवढंच आलं तोंडातून.
म्हाताऱ्याला आत बोलावलं. "तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही जाणकार."
"वस्तू तुमची, तोंड तुमचं, बाई. मी मागंच विचारलं होतं."
बाहेर येऊन मी म्हणाले, आधार कार्ड घरी राहिलं. पर्समध्ये होतं. दत्तोबा म्हणाले, "असू द्या आक्का, उद्या येतो की. पळून जातंय व्हय?"
रि. घेऊन परत.

८ ऑक्टो., मंगळ.
सकाळचे आठ. ते निघायच्या आधी फोन करायचा ठरवलं. सांगितलं तर रायफल गेली, इसार गेला, ह्यांची गोष्टही गेली. भाऊ तोंड बघणार नाही. जाऊबाईंना वर्षभराचं पुरेल.
नाही सांगितलं तर त्या पोराचा दुसरा हात.
लावला. बायकोनं उचलला.
"आक्का? धनी मळ्यात हायती. काय निरोप हाय का?"
म्हणाले, निरोप नाही. त्यांनाच बोलव. थांबते.
ती हाका मारतेय, ऐकू येतंय. कुत्रं भुंकतंय. फोन कानाला, दुसऱ्या हातानं लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. पळून जायला नको म्हणून लिहितेय. ती म्हणते आले, आले. खोकला त्यांचाच.