जांभळी चटई

बुधवार, संध्याकाळ
अयोध्या नगर

आज शवासनात डोळे मिटून पडले होते. योगाच्या ताई म्हणत होत्या, "जो है, अभी है. बाकी सब छोड़ दीजिए." सोडत होते मी. खरंच सोडत होते. तेवढ्यात शेजारून शुक्ला भाभी कुजबुजल्या, "भाभीजी, आप तो यहीं रहेंगी ना? भाईसाहब ने तो बदली में सिंगल क्वार्टर माँगा है."

त्यांचा नवरा ह्यांच्याच ऑफिसात. म्हणजे खोटं नसणार. मी डोळे उघडलेच नाहीत.

तीन महिन्यांपूर्वी ह्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तेव्हाच मी विचारलं होतं, बदली मागितलीय का? हे म्हणाले, "तू फार विचार करतेस. योगाला जात जा." आणि दुसऱ्याच दिवशी टी. टी. नगरातून ही जांभळी चटई घेऊन आले. बारा वर्षांत स्वतःहून आणलेली पहिली वस्तू! सगळ्या कॉलनीला कौतुकाने दाखवत फिरले मी. मूर्ख बाई.

म्हणजे माझा विचार बरोबरच होता. आणि मी तोच रोज श्वासाबरोबर बाहेर सोडत बसले. कुणासाठी?

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय, लागलं का मन?"

"हो. आज डोक्यात एकही विचार आला नाही."

केवढा हलका झाला चेहरा! जेवताना आणखी एक पोळी मागून घेतली. वाढली मी, तूप लावून.

मग जांभळी चटई गुंडाळली आणि ह्यांच्या ट्रंकेत अगदी वर ठेवली. नाहीतरी एकाच माणसापुरती आहे.