दांड्याला टेकलेली पाठ

बर्मिंगहॅम, ६ जून १९९४

चि. रोझ हिस ताईचे मनापासून आशीर्वाद.

रोझला नजर आहे आणि हिलरीला पाय आहेत, असं बाबा एकदा जेवताना म्हणाले होते. तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या भटकंतीत तू फोटो काढतेस आणि मी सँडविचची पिशवी वाहते. यंदा मीही जुना कॅमेरा घेतलाय. रोज संध्याकाळी कालव्याकाठी फिरते. कारखान्यांच्या भिंती, बदकं, पुलाखालचं पाणी, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं उमटतं. तुझ्याकडे मेंढ्यासुद्धा फोटोसाठी भांग पाडून उभ्या असतात. जळते मी, लपवत नाही.

जुलैत ये. आपण सेलमध्ये घेतलेला निळा रेनकोट आण, माझाही तयार आहे. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी हिलरी

अ‍ॅशकोट, श्रॉपशायर, १४ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

घरी पोचल्यापासून तुझ्या केकची आठवण येते. एक बातमी. आपल्या कालव्याच्या फेरीतला एक फोटो मी गावच्या जत्रेत ठेवला होता, त्याला पहिला नंबर मिळाला. परीक्षक बाई म्हणाल्या, इतकी खरी पाठ त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती तुझी पाठ, ताई. बोट पुढे जावी म्हणून कालव्याचं पाणी अडवणारं दार उघडताना तू त्या दाराच्या लांब लाकडी दांड्याला टेकली आहेस. बघ, माझ्यामुळे प्रसिद्ध झालीस. आता फोटो जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार. प्रत पाठवतेय, रागावू नकोस.

तुझीच रोझ

बर्मिंगहॅम, १९ ऑगस्ट

चि. रोझ, आशीर्वाद आहेतच.

प्रत मिळाली. आधी नेहमीसारखी जळले, चहासुद्धा गार झाला. मग भिंग घेऊन बसले. ती पाठ माझी नाही. मी दांडा हातांनी ढकलते, म्हणून बोटवाले मला हसतात. बूड टेकवून, टाचा विटांत रोवून उलटं रेटणारी आपल्या घरात तू एकटी. त्या दिवशी दोघींनी आळीपाळीने दारं उघडली, रेनकोट सारखेच, म्हणून तुझा घोटाळा झाला असेल. स्वतःची पाठ कुणाला ओळखू येते?

तुझी पाळी आली तेव्हा दाराकडे धावताना तू तुझा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवलास. माझा जुना धरून तिथे आता दोन होते, वरचा, म्हणजे तुझा, हाती आला तो मी दाबला. तू किती छान दिसत होतीस, एवढंच डोक्यात होतं. आता स्वतःच्याच फोटोवर जळतेय, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

जत्रेत मिळालेला बक्षिसाचा कप तुझ्याकडेच राहू दे. घरातल्या घरात काय फरक पडतो, फिल्म माझीच होती, असं तू म्हणशील आणि विषय मेंढ्यांवर नेशील, मला माहीत आहे. तरी तुझ्यावरच्या मायेने मागते. प्रदर्शनातल्या पाट्या छापायला जाण्याआधी त्या लोकांना फोन कर, आणि फोटोखाली माझं नाव लिहायला सांग.

हिलरी