'आईसाठी' लिहिलेली फ्लॉपी

१२ जानेवारी, राहुरी

सामान लागलं एकदाचं! खोली लहान आहे, पण खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या जाताना दिसतात आणि हवेला कारखान्याचा गोडसर वास आहे. लहानपणी मिशनच्या शाळेत सिस्टर रोज डायरी लिहायला लावायच्या. तारीख विसरली की हातावर पट्टी. साठी उलटली, स्वतः टीचर म्हणून रिटायर झाले, तरी सवय जात नाही.

खाली मोहियोद्दीन सरांचा बंद पडलेला कॉम्प्युटर क्लास. माझी लेक मोनिका सत्त्याण्णव साली इथे शिकायची, होस्टेलवर राहून. बरं वाटत नाही, घरी ने, असं तिनं दोनदा लिहिलं होतं. परीक्षा होऊ दे, असं मी कळवलं. काविळीनं गेली. रागावून गेली का, एवढंच मला कळायला हवं आहे.

तिच्या ट्रंकेत फ्लॉपी सापडली, वर निळ्या शाईत 'आईसाठी'. पुण्यात तीन दुकानांत कोरी म्हणाले. सर मात्र हसले. म्हणाले, टीचर, कोरी न्हाई. आमच्या दोन नंबरच्या ड्राइव्हचं हेड माझ्या गुडघ्यासारखं तिरपं हाय. त्यानं लिहिलेलं त्यालाच वाचता येतं. त्यांच्या बायकोनं, शरिफाभाभींनी, टोमणा मारला की भंगारवाला चारदा आला, पण यांचा जीव त्या डब्यात. देवानेच सांभाळलं म्हणायचं.

१४ जानेवारी

वाजली! ड्राइव्ह बराच वेळ खरखरला आणि मग तिचा आवाज. आई, मी मोनिका, सरांनी माइक दिलाय. मग तिनं कोंबडीचं गाणं म्हटलं, तिला जेवू घालताना मीच रचलेलं. शेवटी, आई, खरं सांगायचं म्हणजे... इथे तुटलं.

सरांनी बजावलं, जुन्या फ्लॉपीचा थर हेडला घासून निघतो. दरवेळी थोडं जातंच. जपून लावा.

१५ जानेवारी

राहवलं नाही, पुन्हा लावली. आज गाणं नव्हतं. विहिरीच्या कठड्यावरून पडल्याचं सांगत होती, हनुवटीला तीन टाके, आणि डॉक्टरांपेक्षा आईच जास्त रडली म्हणून हसत होती. पुन्हा 'खरं सांगायचं म्हणजे'पाशी तुटलं.

सरांनी स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसलं. कापूस पांढराच्या पांढरा. थराचा कणही नाही. सर बोळ्याकडे बघत राहिले. मग घासून जातंय काय, असं स्वतःशीच म्हणाले.

१७ जानेवारी

भांडी घासताना कोंबडीचं गाणं म्हणायला गेले. एकही शब्द आठवेना. चालही नाही.

ट्रंकेतून मोनिकाचा फोटो काढून पाहिला. तिच्या हनुवटीवर व्रण आहे. कशाचा?

मागची पानं वाचली. सगळं माझ्याच अक्षरात आहे, आणि वाचताना दुसऱ्या कुणाचं वाटतं. फ्लॉपी जे सांगते, ते माझ्यातून जातं.

सरांना डायरी दाखवली. त्यांनी मशीनची वायर काढून नेली. हात जोडले. टीचर, बास करा. पोरगी जेवढी तुमच्यापाशी उरली हाय, तेवढी तरी राहू द्या.

पण ते वाक्य—

१९ जानेवारी

सर नमाजाला गेले. वायर त्यांच्या कपाटात होती.

होस्टेलचं सांगितलं तिनं. पहिला पगार झाला की मला निळी साडी घेणार होती. पुढे सरकतंय. अजून एकदा—

२० जानेवारी

भाभी विचारत होत्या, जेवलात का. मोनिकाचं नाव काढून रडल्या. ती कोण, असं मी विचारलं. त्या तोंडावर पदर घेऊन—

पहिलं पान वाचलं तेव्हा कळलं. परीक्षा होऊ दे, असं मी कळवलं. मी? असं कसं कळवलं मी—

एकदाच. मग नाही.

तारीख— सिस्टर मारतील—

पूर्ण वाजली. शेवटपर्यंत. एक मुलगी म्हणते, आई, खरं सांगायचं म्हणजे मी रागावले नाहीये. तू रडू नकोस.

किती गोड आवाज. कुणाची असेल? तिच्या आईला हे कळवायला हवं, बिचारी वाट बघत असेल. पत्ता मिळत नाही. या वहीत एक नाव पुन्हा पुन्हा लिहिलंय, मो—