दादांचं पहिलं वाक्य

मंगळ. ३ फेब्रु.
घशाच्या ऑपरेशनात दादांचा, माझ्या वडिलांचा, आवाज गेला, तो परत येणार नाही. पाटीवर लिहून दाखवतात, पण आई चष्मा शोधेपर्यंत त्यांचा राग शिळा होतो. जन्मभर कचेरीत मराठी टायपिंग केलेला माणूस. म्हणून सुचलं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमचं नाव टाइप करायचं, पुढं वाक्य, एंटर. लॅपटॉप मोठ्यानं बोलणार. जमेल?

बुध. ४
दादांनी टाइप केलं, "बोल.py मला चहा पायजे". लॅपटॉप म्हणाला, "बोल डॉट पी वाय." बस्स! नावापुढचे शब्द, म्हणजे आर्ग्युमेंट्स, प्रोग्रॅमला यादीत मिळतात. पण यादीत पहिलं त्याचं स्वतःचंच नाव असतं, मी तेच उचललं. दुसरं उचललं तर, "मला." आई : "काय मला? फुडं बोला की!" दादांचे खांदे हलायला लागले. हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

शुक्र. ६
जमलं!! नाव सोडलं, बाकीचे सगळे शब्द जोडले. पहिलं पूर्ण वाक्य : "सुमन, आमटीत मीठ न्हाय." आई पळीसकट बाहेर. "कोण बाई माज्या आमटीला नावं ठेवती?" (आवाज बाईचाच आहे, मी काय करू.) मग दोघं जे भांडले! शेजारच्या काकू दारात, "कोण पाव्हणी आलीया व्हय?" मी मोरीत जाऊन रडून घेतलं. आनंदानं.

रवि. ८
दादांनी नावापुढं काहीच न लिहिता एंटर दाबलं. प्रोग्रॅम बंद, स्क्रीनभर इंग्रजी. त्यांना वाटलं, आपणच मोडलं. शब्द नसतील तर काय म्हणायचं, आईला विचारलं. "म्हणायचं, ऐकतीया, बोला." तेच टाकलं. आता दादा मुद्दाम रिकामं एंटर मारतात. आई लाजते.

बुध. ११
माझ्या धाकट्या बहिणीचं, कवीचं, लग्न रविवारी कुर्डुवाडीला. मुलीच्या बापानं दोन शब्द बोलायचे असतात. काका म्हणाले, "दादाच्या वतीनं मी बोलतो की." दादांनी लॅपटॉप ओढला. "बापच बोलंल." काकांनी दादांच्या पाठीवर थाप मारली.

शनि. १४
लॅपटॉप लग्नाच्या हॉलच्या स्पीकरला जोडायची वायर आणली. घरी चालते. तिथं... बघू. दादा सकाळपासून टाइप करतायत, कुणी जवळ गेलं की स्क्रीन झाकतात. मी : "एकदा ऐकवा तरी. अडकलं म्हणजे?" मान हलवून नाही. दारात कवी, मेंदीचे हात वर धरून. "दादा, मला आत्ताच रडू येतंय." ते उठले, खांद्यावरच्या टॉवेलनं तिचे डोळे पुसले, आणि परत टाइप करायला बसले.