दहा कवळ्या, एकही तक्रार नाही

१२ जानेवारी १९८७

बसल्या! दहाच्या दहा कवळ्या आज दहा तोंडांत बसल्या. घाटकोपरच्या दवाखान्यात सकाळपासून आमच्या मानखुर्दच्या वस्तीतली म्हातारी माणसं रांगेत, आणि मी त्यांच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन. आमच्या कंपनीने नवी पावडर काढली आहे — कवळीच्या गुलाबी भागाची, परदेशी मालाच्या निम्म्या भावात. अंधेरीच्या लॅबमध्ये मी तिच्या पट्ट्या केल्या, पाण्यात भिजवल्या, यंत्रावर वाकवून मोडल्या. मानकात आहे त्यापेक्षा जास्तच वजन सोसलं त्यांनी. पण यंत्राला ना लाळ, ना जीभ, ना खोडी. म्हणून आता सहा महिने खऱ्या तोंडांत चाचणी. माणसं कुठून आणायची, असं आमच्या लॅबच्या नंदकिशोर साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, बोळक्यांना आमच्याकडे तोटा नाही.

पहिला नंबर चंपा आत्याचा. मला तिनेच वाढवलं. आरशात स्वतःला बघून म्हणाली, “ही कोण बया?”

१३ जानेवारी

दहापैकी एकालाही धड ‘स’ म्हणता येत नाही. धोंडिराम काका रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून वस्तीत भाषणं करतात. आज नुसते हात हलवत होते. मला तर बरंच वाटलं!

१६ फेब्रुवारी

महिन्याची तपासणी. सगळ्यांना दवाखान्यात नेलं, कवळ्या भिंगाखाली ठेवल्या. ओरखडा नाही! डाग नाही! द्रौपदीबाई दिवसातून चारदा मिश्री लावतात, त्यांचीही कवळी नव्यासारखी. साहेब कधी हसत नाहीत, ते हसले. म्हणाले, असाच निकाल लागला तर तुला पर्मनंट करून टाकू. तीन वर्षं टेंपररी आहे मी. घरी येताना आत्याला मोसंबी घेतली.

२२ फेब्रुवारी, रविवार

वाट लागली.

एरवी मी लॅबमधून येईपर्यंत आत्या जेवून झोपलेली असते; आज दुपारी माझ्यासमोर जेवत होती. भाकरी आमटीत कुस्करून, हिरड्यांनी चघळून. दात कुठे? फळीवर, पत्र्याच्या डब्यात, मलमलच्या फडक्यात, वर एक लवंग! मी विचारलं, हे काय? तर उलट माझ्यावरच डाफरली. “कंपनीची वस्तू हाय. सहा महिन्यांनी जमा करायची, तूच कागदावरचं वाचून दाखवलंस ना? दुसऱ्याची वस्तू उष्टी करून द्यायची व्हय?”

मी चप्पल न घालताच बाहेर पडलो. घरोघर गेलो. धोंडिराम काकांची कवळी फोटोच्या फ्रेममागे. द्रौपदीबाईंची ट्रंकेत, लेकीच्या लग्नाच्या शालूखाली. दहाही जणांनी दात फक्त दवाखान्यात जाताना घातले होते. त्याशिवाय पहिले दोन दिवस, तेवढेच. धुऊन, पुसून, अगदी सणाला दागिना घालावा तसे.

हसावं की डोकं आपटावं! थोडं थोडं दोन्ही केलं.

२३ फेब्रुवारी

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी तपासणीचा कागद फाडून टाकला. मग म्हणाले, म्हणजे महिनाभर आपण डब्याची चाचणी घेतली. एक मार्चपासून पुन्हा मोजायचं ठरलं. साहेब म्हणाले, मधे कवळ्या काढून आणायच्या नाहीत, लोकांना निवांत खाऊ दे. तू फक्त घरोघर जाऊन तक्रार विचार. माझं पर्मनंट होणंही ऑगस्टच्या पुढे गेलं. जाऊ दे.

१ मार्च, रविवार

सगळ्यांना आमच्या दारात बसवलं. समजावलं — जमा म्हणजे दोन दिवस, मापं घ्यायला. मग दात तुमचेच, कायमचे. जे आवडतं ते खा, हवं तसं खा. आणि आनंदाच्या भरात हेही सांगून टाकलं, की हे दात टिकले तर माझी नोकरी पक्की.

आत्याने शेंगदाणे भाजले. एक उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटले. कुडुम! चुलीजवळचा आवाज मला दारात ऐकू आला. मग दुसरा. मग मूठभर. मला भरून आलं. लॅबमध्ये एवढ्या पट्ट्या मोडल्या, तिथे कधी असं झालं नव्हतं.

१४ एप्रिल

जयंती. धोंडिराम काकांचं भाषण तासभर, एकेक ‘स’ खणखणीत. काकांना दात देऊन चूक केली, असं पोरं मला म्हणत होती.

९ मे

दहा घरं. एकही तक्रार नाही.

१२ जून

एकही तक्रार नाही! मी दारात दिसलो, की विचारायच्या आत आतून “झकास!” येतं. द्रौपदीबाई तर सुके बोंबील खातात म्हणे. साहेब दिल्लीच्या कुठल्याशा बैठकीत हा निकाल सांगणार आहेत. बाजारात माल दिवाळीला.

५ जुलै, रविवार

आत्याचं तोंड आलंय. पाणी प्यायलं तरी डोळ्यांत पाणी. कवळी दाखव म्हटलं तर दाखवत नाही. “ठेचा तिखट झाला हुता,” म्हणते. ठेचा मीही खाल्ला! मला काही नाही.

पावडर नीट शिजली नसेल, तर आतलं कच्चं रसायन तोंडात पाझरतं, आग होते.

७ जुलै

त्याच घाण्यातल्या पट्ट्या पुन्हा तपासल्या. कच्चं काही नाही, अगदी स्वच्छ. मग आत्याचं तोंड कशाने आलं? ती नीट बोलत नाही. आजकाल शेंगदाणेही भाजत नाही. मला राग येतो आणि काळजीही वाटते.

३० ऑगस्ट, रविवार

सहा महिने उद्या संपतात. सगळ्यांना सांगून आलो, परवा सकाळी कवळ्या न्यायला येतो. आत्या म्हणाली, भिंगाखाली कशाला घालायच्या, नुसत्या डोळ्यांनी बघ की. मी हसलो. साहेबांनी माझ्या नोकरीचं पत्र टाइप करून ठेवलंय, नुसती सही बाकी. निकाल कळला की करतील.

१ सप्टेंबर

दहा कवळ्या भिंगाखाली ठेवल्या. सहा कवळ्यांच्या टाळूच्या भागावर मधोमध चीर, आणि चिरेत चिकटवायचं सोल्युशन. आमच्या गल्लीतला रतन फुटलेल्या रेडिओची खोकी जोडतो, तेच! आत्याचं तोंड त्यानेच पोळलं होतं.

तडक घरी गेलो. भाकरीने मोडल्या होत्या कवळ्या, साध्या भाकरीने, हे तिथे कळलं. आत्या भिंतीकडे बघत म्हणाली, “तुझी नोकरी पक्की होईस्तोवर कुनी बोलायचं न्हाई, असं ठरलं हुतं आमचं.”

मला एवढा राग कधी आला नव्हता. एवढं प्रेमही कुणी केलं नव्हतं. तिच्याजवळ बसून राहिलो. मग लॅबमध्ये परत आलो आणि अहवालात लिहिलं — मोडल्या, सहा. पहिलं नाव आत्याचं.