चार बोटं उंच

प्रिय धाकटे सरकार,

भाऊजींचे पोटभर आशीर्वाद. पत्र घरच्या पत्त्यावर न येता तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. घरी फोन केला की तुझी अक्काच उचलते आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून देते. (त्रेचाळीस वर्षं ज्या आवाजात "जेवायला या" म्हणाली, त्याच आवाजात म्हणते, त्यामुळे मला राग येण्याऐवजी भूकच लागते.) असो. तुझी प्रकृती कशी आहे? भूक लागते ना? वजन कसं आहे? मध्यंतरी तू चालायला जाणार, भात सोडणार, असलं काहीतरी कानावर आलं होतं. तसं काही केलं नसशील अशी आशा आहे. भरल्या अंगाचा माणूस घराला शोभतो. तुझी सौ.ही चांगली बाळसेदार होती, अजून तशीच आहे ना? आणि दोघे मुलगे? व्यायामशाळेत जाऊन बारीक झाले नाहीत ना? सर्वांच्या वजनाचे आकडे उलट टपाली कळवलेस तर जिवाला बरं वाटेल.

तर अक्का अकरा दिवसांपूर्वी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं गुडघा धरून तुझ्या दारात का उतरली, हे तिनं तुला सांगितलं असेलच. तिनं सांगितलेलं सगळं खरं आहे. पण खऱ्यालाही आधीची एक गोष्ट असते आणि ती सांगायला तिला कधीच धीर नसतो.

आपली पिकअप तुला ठाऊक आहे. बावीस वर्षं मी तिच्यातून रोपवाटिकेची रोपं वाहतो आणि बावीस वर्षं अक्का माझ्या डाव्या हाताला बसते. चढायची तिची एक रीत आहे. उजवा पाय दाराच्या पायरीवर, हात कडीला, तोंडानं एकच "हं", की बाई आत. मग गाडी पक्क्या रस्त्याला लागली की चाकांची एक लय सुरू व्हायची, टक्-टक् टक्-टक्, अगदी आमचे कवितेचे मास्तर टेबलावर पट्टीनं ताल धरायचे तशी. (पट्टी टेबलावर असेपर्यंत आम्हाला कविता फार आवडायच्या.) त्या लयीवर मी शाळेतल्या एखाद्या कवितेची पहिली ओळ म्हणायची आणि तिनं दुसरी. आम्ही दोघं निरनिराळ्या गावांत शिकलो, पण पाठ्यपुस्तक एकच होतं. लग्न जमवताना पत्रिका पाहिल्या होत्या म्हणे. खरं तर पाठ्यपुस्तकं पाहायला हवी होती.

आता वाटिकेकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या मधोमध मातीचा एक उंचवटा आहे. आपली गाडी त्याच्यावरून जाताना पोट घासायची. म्हणजे बावीस वर्षं घासतच होती, पण यंदा मला ते एकाएकी सोसेना. शाळेत असल्यापासून माझं एक स्वप्न आहे. आपला रथ जमिनीला न टेकता, चार बोटं वरून जावा. टायरवाल्या आप्पांच्या दुकानी पंक्चर काढायला गेलो, तर तिथं ही थोरली काळी चाकं भिंतीला टेकून उभी. एकेका खाचेत माझं बोट मावेल एवढी नक्षी. मी बघतच राहिलो. आप्पा म्हणाले, "काका, ही तुमच्या गाडीची नव्हेत." हे वाक्य त्यांनी उच्चारायला नको होतं. उद्या मला कुणी म्हणालं की ढग तुमचे नव्हेत, तर मी शिडी आणायला जाईन. तासाभरात चारी चाकं बसली. जुनी तिथंच ठेवून मी घरी आलो आणि वाटेत ओळीही सुचल्या.

उंच माझ्या गाडीला गं उंच उंच चाके,
ओढा, ओहळ, खाचखळगे सारे पडले फिके!

अक्कानं ओसरीवरून गाडीकडं पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आणि मी?" कवितेत तिची सोय राहून गेली होती हे खरं.

पहिले चार दिवस मोठ्या थाटाचे. उंचवट्यावरून गाडी अशी अलगद गेली की मी मागं वळून त्याला नमस्कार केला. पण हळूहळू एकेक गुण दिसू लागले. स्टिअरिंग डावीकडं पुरतं फिरवलं की चाक मडगार्डाला घासून म्हैस हंबरावी तसा आवाज यायचा. म्हणून मी डावीकडं वळणंच सोडून दिलं. मनात आणलं तर तीनदा उजवीकडं वळूनही डावीकडं जाता येतं. फक्त आपलं घर डाव्या हाताला असल्यामुळं पहिल्या दिवशी मला अंदाज येईपर्यंत मी घरावरून तीनदा गेलो. समोरचे शिंपी दोनदा हात हलवून हसले. तिसऱ्यांदा त्यांनी हात हलवला नाही, बायकोला बाहेर बोलावलं.

शिवाय वेगाचा काटा. चाळीसच्या वर म्हणून जाईना. मी अक्काला म्हटलं, "बघ, वय झालं की माणूस कसा शांतपणे चालवतो." ती मनगटावरचं घड्याळ बघून रस्त्याकडेचे अंतराचे दगड मोजत बसली. पाच दगडांनंतर म्हणाली, "काटा खोटं बोलतोय. पन्नासाला टेकलो आपण. मघापासून माझी झाडं मागच्या हौद्यात आडवी झालीत." मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापतं, हे त्या काट्याला कुणी सांगितलं नव्हतं. (मलाही.) आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती टक्-टक् गेली. खोल नक्षीची चाकं पक्क्या रस्त्यावर भोंगा वाजवल्यासारखी घोंघावतात. मी पहिली ओळ म्हटली, अक्काचे ओठ हलले, दुसरी ओळ ऐकूच आली नाही. मी "काय?" म्हटलं. तिनं पुन्हा म्हटली. मी पुन्हा "काय?" म्हटलं. कवितेची ओळ तिसऱ्यांदा कुणी म्हणत नाही रे.

आता तो प्रसंग. तिच्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडं जायचं होतं. पायरी आता तिच्या मांडीला लागते, म्हणून मी युक्ती काढली. स्वयंपाकघरातलं स्टूल दारापाशी ठेवलं. ती त्यावर चढली, "हं" न म्हणता आत बसली. मी विजयी मुद्रेनं गाडी सोडली. डॉक्टरांच्या दाराशी पोचलो, दार उघडलं आणि लक्षात आलं की स्टूल घरी, फाटकापाशी उभं आहे. मी म्हटलं, "उडी मार, मी झेलतो." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच एक पाऊल मागं सरकलो. शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांनी रस्त्यात उभं राहून, दारातून हात घालून तिचा गुडघा तपासला. आत ताटकळलेले बाकीचे सगळे गुडघे बाहेर येऊन बघत होते. एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "ही सोय चांगली आहे." डॉक्टरांनी विचारलं, "चढउतार टाळताय ना?" अक्का म्हणाली, "चढ यांनी केलाय. उतार मीच शोधते आता." आतून तपासणीचं स्टूल आलं. त्यावरून ती उतरली, पिशवी घेतली आणि मला म्हणाली, "ज्या दिवशी माझ्या पायानं, स्टुलाशिवाय त्या गाडीत चढेन, त्या दिवशी घरी येईन." आणि बस धरून तुझ्याकडं आली.

मी त्याच दिवशी जुनी चाकं परत लावणार होतो, देवाशपथ. पण आधी सार्वजनिक बागेला कबूल केलेली खताची चाळीस पोती आणायची होती. ती आणली. पोत्यांच्या भारानं गाडी मागून चांगलीच बसली होती. रोपं वाहायला हौद्यावर ती लोखंडी चौकट केली आहे ना, ती आपल्या शेडच्या दारावरच्या आडव्या लोखंडी बारखालून दोन बोटं राखून आत गेली. मी खुशीत सगळी पोती आत उतरवून घेतली. सार्वजनिक बागेची माणसं दुसऱ्या दिवशी येऊन ट्रॅक्टरमधून ती घेऊनही गेली. मग मी गाडी मागं घेतली आणि खाण्णकन आवाज झाला. भार उतरल्यामुळं ती पुन्हा उंच झाली होती. आत जाताना नम्र होती, बाहेर येताना ताठ. चौकट जोडकाम करून पक्की बसवलेली, बार भिंतीत पुरलेला. गेले आठ दिवस रथ शेडमध्ये आहे आणि मी बाहेर स्टुलावर बसून त्याच्याकडं बघतो. गाडी निघाल्याशिवाय आप्पांकडं जाता येत नाही, चाकं उतरल्याशिवाय अक्का येत नाही. घरात एवढी शांतता आहे की परवा मी पहिली ओळ म्हटली आणि चक्क थांबलो.

बाकी सर्व क्षेम. सौ.ला आशीर्वाद.

तुझा,
भाऊजी

ता.क. वजनांबद्दल विचारलं त्याचं कारण आता सांगतो, रागावू नकोस. रविवारी सकाळी तू, सौ. आणि दोघे मुलगे असे चौघं या आणि पाच मिनिटं हौद्यात, शक्य तितकं मागच्या फळीकडं बसा. तुझ्या एकट्याचा भरवसा मी दहा पोत्यांइतका धरतो. नाश्ता करूनच या. अक्काला यातलं काही सांगू नकोस.

ता.क. दुसरं. पाकीट आणायला बाहेर पडलो ते पाय आप्पांच्या दुकानाकडं वळले. जुनी चाकं विकली गेली असतील म्हणून भीतभीत विचारलं. आप्पांनी आतल्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. चारी चाकं एकावर एक ठेवलेली, वर चादर (माझीच, मी महिनाभर शोधत होतो ती) आणि वरच्या चाकावर खडूनं, वळणदार अक्षरात, "विकू नये. माणूस परत येईल." आप्पा म्हणाले, "तुम्ही नवी लावून नेलीत ना, त्याच दुपारी काकू आल्या होत्या." त्या वेळी ती मला बाजारात जाते म्हणाली होती.

ता.क. तिसरं, दुसऱ्या दिवशी. सकाळी फोन वाजला, अक्काचा. मीच "राँग नंबर" म्हणणार होतो, पण धीर झाला नाही. सगळं सांगून टाकलं. शेड, बार, तुमची वजनं.  ती म्हणाली, "चाकांतली हवा सोडलीत का?" सरकार, पाच मिनिटांत गाडी बाहेर. आप्पा पंप घेऊन आले, दुपारपर्यंत जुनी चाकं बसली. घरापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. डावीकडं वळलो. टक्-टक् आहे. तिला फोन करून ती ऐकवावी म्हटलं, पण फोन घरात आणि टक्-टक् रस्त्यावर, ती कशी ऐकवणार? म्हणून नुसती पहिली ओळ म्हटली. तिनं दुसरी म्हटली. वर म्हणाली की पहिली मी बावीस वर्षं चुकीची म्हणतोय, पण गाडीत इतका खुशीत असायचो की तिनं कधी सांगितलं नाही. रविवारी मीच न्यायला येतो. पिशवी भरून ठेवायला सांग, कडीला तेल घातलंय.

तुम्ही चौघांनी यायची गरज उरली नाही. तुझ्या प्रकृतीची चौकशी मात्र मनापासून केली होती. आता थोडं उतरवलंस तरी हरकत नाही.